मांडी म्हणजे सीट नव्हे

महोदय,
परवा खालापूर टोलनाक्यावर शेजारच्या गाडीत, पुढच्या सीटवर, आईच्या मांडीत जेमतेम वर्षाचं बाळ होतं, दोन्ही तळवे डॅशबोर्डवर टेकवून. आईने बेल्ट लावलेला, बाळ मोकळंच. एअरबॅग उघडते ती नेमकी तिथूनच! मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-बी नुसार चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे.

नातवासाठी सीट घेताना आम्हीही आधी रंग आणि किंमतच पाहत होतो. पाहायचं असतं बाळाचं वजन, उंची आणि गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट गाडीला पक्की अडकवायचे, हूक आहेत का ते. ते मागच्या सीटच्या फटीत दडलेले असतात, बोटं घालून चाचपावे लागतात. तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी लावायची. खांद्यावरचा पट्टा चिमटीत आला, तर तो सैल आहे. जाड स्वेटरवरून बांधला तर हमखास. नातू चार दिवस रडला, आता स्वतःच बकल पुढे करतो.

मोकळं बाळ दिसलं म्हणून नाक्यावर कुणाला थांबवल्याचं मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

– एक आजोबा, पनवेल