जन्म ब्रिटनमध्ये, पासपोर्ट भारताचा

मा. संपादक,

नोकरीच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये गेलेल्या जोडप्याला बाळ झाले की इकडचे आजी-आजोबा ते 'तिकडचे नागरिक' झाले असे धरून चालतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांचे ऐकून हा समज पसरतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या दिवशी आई-वडिलांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक किंवा कायम वास्तव्याची परवानगी (आयएलआर) मिळालेला असावा लागतो. स्किल्ड वर्कर किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या भारतीय पालकांचे बाळ ब्रिटिश नसते.

ते आपोआप भारतीयही होत नाही, आणि खरी गफलत इथेच होते. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयात नोंदवावा लागतो. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ चीच ही अट आहे. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते, उशिराचे कारण द्यावे लागते आणि किती काळ जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून पासपोर्टच्या अर्जाआधी जन्मनोंदणीचे पाहा.

त्यासाठी स्थानिक रजिस्ट्रारचा दाखला लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये ४२ दिवसांत, स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांत नोंद करायची असते. दाखला 'फुल' घ्यावा. 'शॉर्ट' दाखल्यावर आई-वडिलांची नावे नसतात, म्हणून तो इथे उपयोगाचा नाही. नाव सांगताना घाई नको. आपल्याकडे बाळाचे, वडिलांचे आणि आडनाव अशी रीत आहे. दाखल्यावर बाळाच्या नावात वडिलांचे नाव घातले नाही तर ते पासपोर्टवरही येत नाही आणि पुढे इकडच्या शाळेच्या कागदांशी जुळत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये नोंदणीपासून १२ महिन्यांत बाळाचे पहिले किंवा मधले नाव बदलता येते. ही सोय फार थोड्यांना माहीत असते. आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर विवाहाचा दाखला सोबत ठेवावा.

मग पासपोर्टचा अर्ज. पालक दोघांच्या सह्यांचे संमतिपत्र, दोघांचे पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा ही कागदपत्रे सहसा जमतात. अडते ते बाळाचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा यांवर. फोटोत धरणाऱ्याचा हात, दुपट्याची घडी, चेहऱ्यावरची सावली चालत नाही. डोळे उघडे आणि तोंड मिटलेले हवे. पांढऱ्या चादरीवर बाळाला उताणे झोपवून, खिडकीच्या उजेडात, वरून फोटो काढावा. जागे आणि पोट भरलेले बाळ असेल तर तो लवकर जमतो. अंगठ्याचे उलटे आहे: गाढ झोपेत मूठ सैल होते, तेव्हाच ठसा घ्यावा. मुलाचा डावा आणि मुलीचा उजवा अंगठा, तोही अर्जावरच्या चौकटीच्या रेषेला न लागता. शाई पुसट लावा. जास्त झाली की रेघा बुजतात. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांत जे आधी असेल तोवर चालतो.

पासपोर्ट हातात आला की लगेच तिकीट काढू नये. ब्रिटनमध्ये जन्मलेले बाळ तिथे राहते तोवर व्हिसा नसला तरी बेकायदा ठरत नाही. पण जावळासाठी किंवा कुलदैवताच्या दर्शनाला इकडे आले, की परत जायला डिपेंडंट (पालकांच्या व्हिसावर अवलंबून असलेला) व्हिसा लागतो. तो ब्रिटनमध्येच मागितला तर निर्णय होईपर्यंत देश सोडता येत नाही. सोडला तर अर्ज मागे घेतला असे धरतात. व्हिसाच्या शुल्काखेरीज तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. तारखा ठरवणाऱ्या आजी-आजोबांनी हा हिशेब मुला-सुनेला आधी विचारावा.

पुढे पालकांपैकी एकाला आयएलआर मिळाले तर बाळाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. तशी केली तर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचे कार्ड) घ्यावे लागते. दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवता येत नाहीत.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे आणि इतर शहरांतही मंडळे आहेत. त्यांनी गणेशोत्सवाच्या मंडपात जन्मनोंदणीच्या एक वर्षाच्या मुदतीची माहिती देणारा फलक लावावा आणि आपल्या वृत्तपत्रानेही अनिवासी वाचकांच्या पानावर ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक