अंतुलेसाहेबांचा खटला

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, परवा फोनवर माजी मुख्यमंत्री अंतुल्यांचा विषय निघाला आणि तुम्ही चिडलात, "तुमच्या वकिलांच्या पुस्तकात आमचे साहेब आरोपीच!" फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहून पाठवतेय.

आम्ही वाचतो तो निकाल 'अंतुले विरुद्ध नायक', 1988 चा. नायक म्हणजे साहेबांविरुद्ध तक्रार करणारे. त्यात साहेब दाद मागणारे आहेत आणि जिंकलेही आहेत. भ्रष्टाचाराचे खटले विशेष न्यायाधीशापुढे चालवायचे, असा 1952 चा कायदा होता. तरी लवकर निकाल लागावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये साहेबांवरचा भ्रष्टाचाराचा खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला. त्यामुळे साहेबांची अपिलाची एक पायरीच गेली. पुढे सात न्यायमूर्ती बसले आणि बहुमताने म्हणाले की कोर्टाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराला नको. देशातलं सर्वांत मोठं कोर्ट स्वतःचाच हुकूम असा मागे घेतं, हे रोज घडत नाही. ज्यांच्यामागे कुणी पुढारी नाही अशा अशिलांसाठीही आम्ही हा निकाल दाखवतो.

पण हा निकाल खटला कुठे चालवायचा याचा आहे, सिमेंटवाटपाच्या आरोपांचा नाही. सिमेंटबद्दल जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन काय म्हणाले ते तुम्ही विसरता. बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि साहेबांच्या ट्रस्टला आलेल्या देणग्या यांचा संबंध त्यांनी मांडला, आणि साहेबांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. तुम्ही तालुक्याला खेटे घालत होतात आणि आपल्या उघड्या जोत्यावर आई मिरच्या वाळवत होती! आई म्हणते तेच खरं, मोठ्यांच्या कारभारात आपल्या गोण्या अडकल्या.

तरी साहेबांवर मला तुमच्या जावयासारखी फुली मारता येत नाही. आजी अंगठा उठवून पैसे घ्यायची ते आठवतं ना? संजय गांधी निराधार योजना 1980 ची, साहेबांच्याच कारकिर्दीतली. आजी मरेपर्यंत तिला 'अंतुल्यांची पेन्शन' म्हणायची. कुलाबा जिल्ह्याचा रायगड केला तो त्यांनीच, सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हेही 1981 चेच. दीड वर्षात एवढं! मला वाटतं, फाइल फिरत बसायच्या आत हुकूम सोडायचा, कुणाला विचारायचं नाही, या एकाच सवयीने आजीला पेन्शन दिली आणि ट्रस्टही उभा केला. तुम्ही पहिलं तेवढं धरता, जावई दुसरं.

आणि एवढं होऊनही कुलाबा मतदारसंघाने त्यांना 1989, 1991, 1996 आणि 2004 ला लोकसभेत पाठवलं. मतं कुणाची? आपल्यासारख्या कुणब्यांची, आगऱ्यांची, कोळ्यांचीही. आंबेतच्या मुसलमान घरातला बॅरिस्टर, राज्याचा आजवरचा एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. पण आपल्याकडे कुणी त्यांना तसं म्हणताना मी ऐकलं नाही, ते फक्त 'साहेब'. केंद्रात ते आधी आरोग्यमंत्री झाले. मग 2006 मध्ये अल्पसंख्याक खातं नव्यानं निघालं, त्याचे पहिले मंत्री तेच.

शेवटी, 2008 च्या मुंबई हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे, त्यांच्याबद्दल साहेब जे बोलले, ते मात्र मला आजही पटत नाही. हल्ल्याला महिनाही झाला नव्हता, स्वतः केंद्रात मंत्री, आणि करकऱ्यांना तिकडे कुणी पाठवलं अशी शंका जाहीर काढायची! गृहमंत्र्यांना संसदेत खुलासा करावा लागला.

एक गंमत तुमच्या कधी लक्षात आली का? जिल्ह्याचं नाव बदललं तरी लोकसभेचा मतदारसंघ कुलाबाच राहिला होता. तो रायगड झाला आणि 2009 च्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेनेच्या अनंत गीत्यांनी साहेबांना पाडलं. त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात, असं आई सांगते.

निकालाचं मराठीत टिपण करतेय, मोठ्या अक्षरांत छापून पाठवीन. शिमग्याला येतोय. जावयाशी काय भांडायचंय ते तेव्हा भांडा, पण आधी टिपण वाचा. आई, कुळीथ निवडून ठेव, पीठ मी इकडे दळून घेईन.

तुमची,
ताई