निकोडेमस रेल्वेमुळेच मागे पडले

अमेरिकेतील ओसाड गावांची चर्चा सोन्याच्या खाणींपाशीच संपते. कॅन्ससमधील निकोडेमसची गोष्ट वेगळी आहे. १८७७ मध्ये, गुलामगिरीतून सुटलेल्या केंटकीच्या कृष्णवर्णीयांनी हे गाव वसवले. रेल्वे एलिस या गावापर्यंतच होती. पुढचे सुमारे ५५ किलोमीटर बहुतेक जण चालत गेले. लाकूड नसल्याने पहिला हिवाळा जमिनीत खोदलेल्या घरांत निघाला. वसाहत करणाऱ्यांना सरकारी जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, पण नांगर-जनावरे मोजकीच. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली जमीन कुदळ-फावड्याने कितीशी फुटणार? त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी अन्न दिले, हे जाहिरातबाज जमीन-दलालांच्या आश्वासनांपेक्षा कामी आले.

गाव खचले ते मात्र दुष्काळाने नव्हे. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीने रूळ निकोडेमसला वगळून सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून नेले आणि दुकानदार उठून रुळांलगतच्या बोग गावाला गेले. १९५३ मध्ये टपाल कार्यालयही बंद झाले.

१९९६ पासून चर्च, शाळा, हॉटेल, सभागृह अशा पाच इमारती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहेत. वस्ती जेमतेम उरली असली, तरी जुलैअखेरच्या मेळाव्याला मूळ कुटुंबांचे वंशज देशभरातून येतात.

– एक वाचक, पुणे