कर्वेनगरच्या फ्लॅटबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

अण्णाकाकांचा कर्वेनगरचा फ्लॅट आपण घेत नाही. काल त्यांच्या घरी जाऊनच सांगितलं. बाबा, तुम्ही शब्द दिला होता, म्हणून फोनवर सांगणं बरं वाटेना. काका रागावले नाहीत. काकूंनी तर पोहे खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

घरच्या माणसाचं घर तपासायला तिऱ्हाईत कशाला, असं तुम्ही म्हणालात. पण दलालाच्या ओळखीचा नको, म्हणून मुद्दाम तिऱ्हाईतच शोधला. शिवाय इमारतीचा सांगाडा बघायला महापालिकेत नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई बोलावल्या. हॉलची भिंत दिवाळीत रंगवलेली, हाताला कोरडी. थर्मल कॅमेऱ्यात मात्र छतापासून निळा ओघळ दिसला, वरच्यांच्या बाथरूमच्या गळतीचा. बाथरूमच्या छताला बाईंनी हातोडी लावली तर बद्द आवाज. काकांना विचारून तेवढा पोपडा काढला. आतली सळी गंजून फुगलेली, तिनेच काँक्रीट फोडलेलं. वरून गिलावा करून हे थांबत नाही, बाबा. इमारत 1991ची. 30 वर्षांपुढच्या इमारतीचं सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याची तपासणी, व्हायला हवं. सेक्रेटरींकडे एकही अहवाल नाही. काकांनी काही लपवलं असं माझ्या मनातही नाही, त्यांनाच ठाऊक नव्हतं. आपल्या तपासणीच्या अहवालाची प्रत त्यांनाही दिली, सोसायटीच्या सभेत ठेवायला.

भाव पाडून घेता आला असता. पण सांगाडा एकट्या फ्लॅटपुरता दुरुस्त होत नाही, आणि तोवर तुम्ही दोघांनी टेकूखाली राहायचं? वाईला त्या पावसाळ्यात आई रात्रभर गळतीखालची पातेली बदलायची आणि बाबा मला मांडीवर घेऊन रामरक्षा म्हणायचे. मला झोप लागलीय असं तुम्हाला वाटायचं. आता तुम्हाला तसं जागायला लावणार नाही.

म्हणून वारज्यातल्या एका फ्लॅटचं टोकन देऊन टाकलंय. ताबा 2023चा, भोगवटा प्रमाणपत्र पाहिलं. सांगाड्यात दोष निघाला तर रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे ताब्यापासून 5 वर्षं बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तपासणीत तिथेही खोट निघालीच: एका सॉकेटला अर्थिंग नाही, आणि बाथरूमचा उतार दाराकडे. दोन्ही दुरुस्त करून मिळणार, तसं करारात लिहून घेतेय. उतार करतानाच खडबडीत फरशी आणि कमोडजवळ पकडायला दांडी बसवणार आहे. लिफ्टला बॅकअप आहे. आई, गॅलरी पूर्वेला आहे, तुळशीला सकाळचं ऊन मिळेल. देवघराची जागा तूच ठरव, मी खिळासुद्धा ठोकलेला नाही. काकांचं घर रिक्षाने जवळ आहे, तुमचा बुद्धिबळाचा डाव मोडणार नाही.

आता ऐका. काकांना फोन करा, पण पैशांचा विषय काढू नका. माळ्यावर चढायचं नाही, सामान मी आल्यावर काढू. आई, बाबांची बीपीची गोळी तू हातात दे, 'घेतली' म्हणाले तरी पाकीट बघ.

अहवाल कुरिअरने पाठवलाय. बाबा, फोटो चष्मा लावून नीट बघा आणि शंका लिहून ठेवा. रविवारी बाईंना फोन लावून देते, तुम्हीच विचारा.

तुमची,
मनू