‘एकट्याने बोस्टन’ वीकएंड पॅकेजमधील सदोष आखणी व आकारणीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : बोस्टन शहराच्या दोन दिवसांच्या एकल पॅकेजमधील चुकीचे वेळापत्रक, चुकीची माहिती आणि जादा आकारणी, परताव्याची मागणी.

संदर्भ : आपली पावती, व्हाउचर आणि छापील प्रवासपुस्तिका (प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेत गेलेल्या आणि शनिवार-रविवार मोकळा मिळालेल्या माणसासाठी म्हणून आपण हे पॅकेज विकता. व्हाउचर वेळेवर मिळाली, हॉटेलची खोली स्वच्छ होती, ठिकाणही सोयीचे होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आखणीची आहे. पुस्तिकेतले वेळापत्रक शनिवार-रविवारचे बोस्टन डोळ्यांसमोर ठेवून केलेले नाही, आणि एकट्या माणसाचा विचार तर त्यात कुठेच दिसत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी निघणाऱ्या जोडप्यांच्या सहलीचा आराखडा उचलून त्यावर ‘एकट्याने’ असे छापले आहे, हे पान उघडताच कळते.

सुरुवात शनिवारी सकाळी ९ वाजता मॅसॅच्युसेट्स स्टेट हाऊस ‘आतून पाहणे’ अशी आहे. ही राज्याची विधानसभा. चार्ल्स बुलफिंचने आराखडा केलेली आणि १७९८ साली पूर्ण झालेली ही वास्तू फक्त सोमवार ते शुक्रवार पाहता येते, शनिवार-रविवार ती बंदच असते. ही काही आयत्या वेळी बदललेली गोष्ट नव्हे. पुस्तिकेत आतल्या सभागृहात टांगलेल्या लाकडी कॉड माशाचे वर्णन अर्धे पान भरून आहे. १७८४ साली सभागृहाला भेट मिळालेला, जवळपास पाच फूट लांबीचा तो मासा बघायला आपला ग्राहक जातो आणि कुलूप लावलेल्या लोखंडी फाटकाबाहेरून सोनेरी घुमट बघून परत फिरतो. त्याच फाटकासमोर, बीकन स्ट्रीटच्या कडेला, कर्नल रॉबर्ट शॉ आणि अमेरिकी यादवी युद्धात लढलेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे कांस्यशिल्प आहे. ऑगस्टस सेंट-गॉडन्सने घडवलेले हे शिल्प १८९७ सालचे. घोड्यावर बसलेला शॉ, त्याच्या बाजूने चालणारे कृष्णवर्णीय सैनिक, आणि त्या सैनिकांतल्या प्रत्येकाचा चेहरा वेगळा : कुणाला दाढी, कुणी अगदी कोवळा पोरगा. हे शिल्प कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी, पैसे न देता पाहता येते. आपल्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही. बंद असलेल्या जागेला अर्धे पान आणि उघड्यावर असलेल्या अव्वल कलाकृतीला एक ओळही नाही, हे मला सर्वांत जास्त खटकले.

रविवारची सकाळ याहून वाईट. ९.३० ला किंग्ज चॅपल आणि १०.३० ला ओल्ड नॉर्थ चर्च. ही दोन्ही चालती चर्च आहेत. रविवारी सकाळी तिथे उपासना असते आणि त्या वेळात पर्यटकांना आत हिंडता येत नाही. ओल्ड नॉर्थ १७२३ सालचे. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री याच्या मनोऱ्यात दोन कंदील लावून ब्रिटिश सैन्य पाण्यावरून निघाल्याची खूण केली होती. अशी जागा रविवारी दुपारसाठी किंवा शनिवारसाठी राखायला हवी, हे नकाशा न उघडताही सुचायला हरकत नव्हती. त्यानंतर दुपारी १२ ला ‘हेमार्केटमध्ये स्वस्त फळे घ्या’ अशी सूचना आहे. ब्लॅकस्टोन स्ट्रीटवरचा तो भाजीबाजार शुक्रवारी आणि शनिवारी भरतो. रविवारी तिथे फक्त रिकामा रस्ता असतो.

आता नदीपलीकडच्या चार्ल्सटाउन या भागाबद्दल, कारण खरा घोळ तिथेच आहे. फ्रीडम ट्रेल हा अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे चार किलोमीटरचा मार्ग. बोस्टन कॉमनपासून बंकर हिलपर्यंत सोळा ठिकाणे, आणि त्यांना जोडणारी पदपथावरची लाल रेघ : कुठे विटांची, कुठे नुसती रंगवलेली. आपण हा मार्ग ‘दीड तासात आरामात’ असा लिहिला आहे. नुसते चालायला दीड तास पुरेल. पण ओल्ड साउथ मीटिंग हाऊस आणि ओल्ड स्टेट हाऊस नीट पाहायचे तर दोन्ही मिळून दीड तास, पॉल रिव्हिअरच्या घराला अर्धा तास, ओल्ड नॉर्थला तेवढाच, यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेला सुरक्षा तपासणी धरून तासभर आणि बंकर हिलच्या चढ-उताराला अर्धा तास लागतो. शिवाय हा मार्ग एकतर्फी आहे. शेवटच्या ठिकाणी पोहोचलेला माणूस नदीच्या पलीकडे असतो, आणि तिथून परतायचे कसे याबद्दल पुस्तिकेत एकच वाक्य आहे : ‘जवळच्या बंकर हिल स्टेशनवरून गाडी पकडा.’ अशा नावाचे स्टेशन नाही. जवळचे स्टेशन मेट्रोच्या ऑरेंज लाइनवरचे कम्युनिटी कॉलेज. ते स्मारकापासून बरेच खाली उतरून, वस्ती ओलांडून येते. संध्याकाळी फोनची बॅटरी संपत आलेल्या एकट्या माणसाला नसलेले स्टेशन शोधायला लावणे ही निव्वळ छपाईची चूक म्हणता येणार नाही.

वेळेचे गणितही उलटे मांडले आहे. रविवारी दुपारी ४.३० ला यूएसएस कॉन्स्टिट्यूशन आणि ५.३० ला बंकर हिल स्मारकावर चढाई. स्मारक ५ वाजता बंद होते आणि वर चढायला त्याच्याही आधीच सोडायचे थांबवतात. २२१ फूट उंचीच्या त्या ग्रॅनाइटच्या मनोऱ्याला लिफ्ट नाही. आत २९४ पायऱ्यांचा गोल जिना आहे, चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर, त्यामुळे समोरून कुणी आले की भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. पाठीवर बॅग असेल तर ते फारच अवघड जाते. पुस्तिका मात्र म्हणते, ‘चेक-आउट करून सामानासह निघा, म्हणजे परत हॉटेलला जायला नको.’ दोघे असले तर एक जण खाली बॅगा सांभाळतो. एकट्याने काय करायचे? बॅग हॉटेलच्या काउंटरवर ठेवून निघा, एवढेच लिहायला हवे होते. बहुतेक हॉटेले चेक-आउटनंतरही त्या दिवसापुरते सामान ठेवून घेतात.

खरे तर हा मार्ग शनिवारी उलट्या बाजूने करायला हवा. सकाळी लाँग वॉर्फवरून फेरीबोटीने चार्ल्सटाउन नेव्ही यार्ड, दहाएक मिनिटांचा प्रवास (तिचे शनिवार-रविवारचे वेळापत्रक वेगळे असते, ते आदल्या रात्री पाहावे). आधी जहाज, मग चढण चढून बंकर हिल, मग पुलावरून चालत कॉप्स हिल स्मशानभूमी, ओल्ड नॉर्थ, पॉल रिव्हिअरचे घर, हेमार्केट आणि फॅन्युइल हॉल. शनिवार असल्यामुळे बाजारही मिळतो आणि चर्चही उघडे असते. रविवारी ग्रॅनरी स्मशानभूमी, ओल्ड साउथ, ओल्ड स्टेट हाऊस, दुपारी किंग्ज चॅपल आणि मग पार्क स्ट्रीटवरून रेड लाइनने चार स्टेशने पुढे हार्वर्ड. स्टेट हाऊस फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्या हातात शुक्रवारची दुपार आहे. आणि रुळांच्या दुरुस्तीची कामे तिथे बरेचदा शनिवार-रविवारीच काढतात, मधल्या टप्प्यात बस सोडतात. म्हणून शुक्रवारी रात्री मेट्रोचे सूचनाफलक तपासा, ही ओळ वीकएंडच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत हवी. आपल्या पुस्तिकेत ती नाही.

कागदपत्रांबाबतची सूचना तर सरळ अडचणीत टाकणारी आहे. ‘पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, सोबत आधार कार्ड पुरे.’ यूएसएस कॉन्स्टिट्यूशन ही १७९७ साली पाण्यात उतरलेली आणि आजही अमेरिकी नौदलाच्या सेवेत असलेली युद्धनौका आहे. ती नौदलाच्या ताब्यात असल्याने १८ वर्षांवरील प्रत्येकाला तपासणीच्या जागी तिथल्या सरकारने दिलेले फोटो ओळखपत्र किंवा पासपोर्ट दाखवावा लागतो. आधार तिथे चालत नाही. सूचना पाळणारा आपला ग्राहक जहाजाच्या दारातून परत फिरतो आणि त्याचा दोष त्याच्याकडे जराही नसतो.

ग्रॅनरी स्मशानभूमीबद्दल ‘येथे बेंजामिन फ्रँकलिन यांची समाधी आहे’ असे छापले आहे. तिथे मधोमध जो ग्रॅनाइटचा स्तंभ उभा आहे आणि ज्यावर मोठ्या अक्षरांत फ्रँकलिन हे आडनाव आहे, तो त्यांच्या आईवडिलांच्या थडग्यावरचा, १८२७ सालचा. बेंजामिन फ्रँकलिन जन्मले बोस्टनमध्ये, पण १७९० साली वारले फिलाडेल्फियात आणि त्यांचे दफनही तिथेच झाले. ग्रॅनरीत आहेत ते सॅम्युएल ॲडम्स, जॉन हॅनकॉक, पॉल रिव्हिअर आणि ५ मार्च १७७० रोजी ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात मेलेले पाच जण. ऐतिहासिक शहर दाखवण्याचे पैसे घेणाऱ्याने एवढे तरी तपासावे.

आता पैशांकडे येते. पावतीत ‘सिंगल सप्लिमेंट’, म्हणजे एकट्याने राहण्याचा अधिभार, लावले आहे. दोघांच्या दराने विकलेल्या सहलीत एकटा माणूस आला तर खोलीचा फरक घेणे मला मान्य आहे, कारण हॉटेल खोलीचे भाडे घेते, माणशी नाही. पण हे पॅकेज आपण फक्त एकट्यालाच विकता. मग मूळ दर ‘दोघांत एक खोली’ धरून कुणासाठी काढला? त्यातही हा अधिभार निव्वळ खोलीवर नाही, तिकिटे आणि सिटी पाससह संपूर्ण रकमेवर टक्केवारीने लावला आहे. प्रवेशतिकीट एकट्याला काही महाग पडत नाही.

‘प्रवेशशुल्क’ या सदरात फॅन्युइल हॉल, यूएसएस कॉन्स्टिट्यूशन, बंकर हिल स्मारक आणि हार्वर्ड आर्ट म्युझियम्स यांची रक्कम धरली आहे. पहिल्या तिन्हींना प्रवेश मोफत आहे. हार्वर्ड आर्ट म्युझियम्स जून २०२३ पासून सर्वांना मोफत आहेत. ओल्ड साउथ आणि ओल्ड स्टेट हाऊस यांची दोन तिकिटे लावली आहेत, प्रत्यक्षात एकाच तिकिटावर दोन्ही पाहता येतात. ‘विमानतळ ते शहर, सिल्व्हर लाइन भाडे’ अशीही एक ओळ आहे. लोगन विमानतळावरून शहराकडे जाणाऱ्या सिल्व्हर लाइनच्या एसएल१ बसला भाडे नाही आणि साउथ स्टेशनला उतरून रेड लाइनला बदलतानाही नाही. भाडे लागते ते परतताना, आणि नेमके ते पॅकेजमध्ये नाही. दोन दिवसांचे दोन मेट्रो पासही गळ्यात मारले आहेत. एका दिवसाचा पास ११ डॉलरचा आणि एक फेरी २.४० डॉलरची, म्हणजे दिवसाला पाच फेऱ्या झाल्या तरच पास परवडतो. ज्या शहरातली निम्मी ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत आणि ज्या आखणीत दिवसभर चालायचेच आहे, तिथे दिवसाला दोन फेऱ्या झाल्या तरी खूप.

नॉर्थ एंडमधल्या खाद्यफेरीच्या व्हाउचरवर खाली बारीक अक्षरात ‘किमान दोन पाहुणे’ असे आहे. तिथल्या माणसांनी व्हाउचर पाहून नम्रपणे नकार दिला, आणि त्यांचे चुकले नाही. एकट्यासाठीच्या पॅकेजमध्ये किमान दोघांची अट असलेले व्हाउचर घालणे ही आपली चूक आहे. आपल्या मदतवाहिनीने मात्र ‘स्थानिक पुरवठादाराशी बोला’ म्हणून हात वर केले. स्थानिक पुरवठादाराशी करार आपला आहे, माझा नाही.

तसेच ‘हॉटेलमध्ये फॉरेक्स प्रीपेड कार्ड पुरेल’ ही सूचना काढावी. चेक-इनच्या वेळी हॉटेल अनामत म्हणून कार्डावर रक्कम रोखून धरते. क्रेडिट कार्डावर ती नंतर सुटते. प्रीपेड कार्डावर तेवढे खरे पैसे कित्येक दिवस अडकतात, आणि काही हॉटेले असे कार्ड घेतच नाहीत. खिशात तेवढेच कार्ड असलेल्या एकट्या माणसाला उसने द्यायला शेजारी कुणी नसते.

माझ्या मागण्या अशा. सिंगल सप्लिमेंटची खोलीपलीकडची सर्व रक्कम, मोफत जागांचे लावलेले शुल्क, दुहेरी तिकिटातले जादा तिकीट, सिल्व्हर लाइनचे भाडे, दोन्ही मेट्रो पास आणि न वापरता आलेले खाद्यफेरीचे व्हाउचर यांची पूर्ण रक्कम ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात परत करावी. आपल्या पुढच्या सहलीवरची सवलतकुपने मला नकोत. सध्या हे पॅकेज विकत घेतलेल्या, पण अजून न निघालेल्या ग्राहकांना स्टेट हाऊस, रविवारची चर्च, बंकर हिलची वेळ, परतीचे स्टेशन आणि पासपोर्ट या पाच बाबींची दुरुस्ती ईमेलने तातडीने कळवावी. ही मागणी मला परताव्याइतकीच महत्त्वाची वाटते. आणि पुस्तिकेची नवी आवृत्ती निघेपर्यंत हे पॅकेज संकेतस्थळावरून उतरवावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या मुद्द्यांवर माझ्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे हा विषय मी अर्धवट सोडणार नाही.

कळावे,

आपली ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, सर्व व्हाउचर (खाद्यफेरीचे न वापरलेले व्हाउचर मूळ प्रतीसह), प्रवासपुस्तिकेची खुणा केलेली पाने, मदतवाहिनीशी झालेल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट.