तिकिटाला मोठी, आगगाडीला लहान : थीम पार्कच्या व्यवस्थापनास तक्रार पत्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. ६ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १ मे २०२५ च्या भेटीत पावणेदोन वर्षांच्या मुलीचं चुकीच्या मोजमापावर घेतलेलं तिकीट, गेटवर काढून घेतलेलं तिचं जेवण आणि जाहिरातीत दाखवलेल्या पण जागेवर नसलेल्या सोयी. परतावा मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला आम्ही कोल्हापूरहून तुमच्या पार्कात आलो होतो. मी, माझी पत्नी, माझी आई आणि आमची मुलगी. बुकिंग आदल्या आठवड्यात तुमच्याच वेबसाइटवरून केलं होतं, त्याची पावती सोबत जोडली आहे. परत आल्यावर तुमच्या ग्राहक सेवेला फोन करून हे सगळं सांगून झालं. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, 'तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणाल्या आणि संध्याकाळी पुढच्या भेटीसाठी २० टक्के सवलतीचं कूपन आलं. म्हणून आता लेखी.

तिकिटापासून सुरुवात करतो. तुमच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय की ८५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना प्रवेश मोफत. आमच्या मुलीची उंची डॉक्टरांनी एप्रिलमध्ये लसीच्या वेळी मोजली होती, ती ८४. कार्डावर नोंद आहे. म्हणून तिचं तिकीट काढलं नव्हतं. गेटवर तुमचा लाकडी जिराफ उभा आहे, त्याच्या मानेवर आकडे रंगवलेत. त्याला टेकवून मुलीला उभं केलं. पायात चालताना पी-पी वाजणारे बूट, त्यांचा तळवा चांगला जाड. डोक्यावर आजीनं बांधलेली शेंडी, वर लाल रबर. तिकिटावरच्या माणसानं शेंडीच्या टोकाला पट्टी लावली आणि '८८, तिकीट लागेल' म्हणाला. मी म्हटलं, बूट काढून मोजा की. तर म्हणे, 'सगळ्यांचं बुटासकटच मोजतो, साहेब, मागं लाईन बघा.' मागं लाईन होती हे खरं. ८९९ रुपये भरले आणि आत गेलो.

आत तुमचा टॉडलर झोन, म्हणजे नुकत्याच चालायला लागलेल्या पोरांचा कोपरा. तिथं छोटी आगगाडी आहे, बोर्डावर लिहिलंय 'किमान उंची ८५ सेंटिमीटर'. गाडी बघून मुलगी हरखली. तिथल्या मुलानं अगदी प्रेमानं तिला कडेवरून उतरवायला सांगितलं, बूट काढायला लावले, शेंडी तळहातानं दाबली आणि मोजलं. ८४. 'सॉरी सर, एक सेंटिमीटर कमी आहे, सेफ्टीचा प्रश्न आहे.'

त्या मुलाचं काही चुकलं नाही. सुरक्षेसाठी मोजायचं तर असंच मोजायला हवं आणि त्यानं नियम मोडून मुलीला बसवलं असतं तर मला ते आवडलं नसतं. पण मग गेटवरचं ८८ कुणाचं होतं? एकाच कंपनीत, एकाच आकड्यासाठी, एकाच सकाळी आमची लेक पैसे घ्यायला मोठी ठरली आणि गाडीत बसवायला लहान. दोन्हीपैकी एक मोजमाप चूक आहे. ज्यात तुमचा फायदा तेच चूक आहे, यात मला तरी शंका नाही.

हा आकडाही जरा बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलीची सरासरी उंची ८६ सेंटिमीटरच्या आसपास असते, मुलाची ८७. म्हणजे ८५ ची रेघ बरोबर दीड ते दोन वर्षांच्या पोरांच्या डोक्यावरून जाते. या वयाची कितीतरी बाळं एका बुटाच्या तळव्यानं इकडची तिकडं होत असणार. एवढ्या बारीक रेघेवर पैसे घ्यायचे असतील तर अनवाणी मोजा, नाहीतर वयाची अट ठेवून जन्मदाखला बघा. ऑर्लंडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. तुमच्या जाहिरातीत 'आंतरराष्ट्रीय दर्जा' हे शब्द आहेत, म्हणून आठवण करून दिली.

आता जेवणाचं. याचा मला तिकिटापेक्षा जास्त राग आहे.

पत्नीनं पहाटे उठून मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी केली होती, बिनतिखटाची, वर साजूक तूप. दुसऱ्या डब्यात नाचणीच्या सत्त्वाची खीर. थर्मासमध्ये उकळून निवलेलं पाणी. पाण्याचं म्हणाल तर आम्ही पंचगंगेकाठची माणसं. २०१२ साली दूषित पाण्यामुळं इचलकरंजीत कावीळ पसरली होती, ती या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. बाळाला उकळलेलंच पाणी द्यायचं हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

तुमच्या सुरक्षारक्षकानं तिन्ही वस्तू बाजूला काढल्या. बाहेरचं खाणं बंद आहे हे मला माहीत होतं. आम्ही आमच्यासाठी काहीच आणलं नव्हतं, गेटवर चिवड्याची पुडीसुद्धा सापडली नाही. पण हे बाळाचं आहे, असं सांगितल्यावर उत्तर मिळालं, 'बाळाचं चालतं, पण कंपनीचं सीलबंद पाहिजे. घरचं नाही.' आई पुढं झाली. 'आरं लेका, पोरीची खिचडी हाय ती, पाहिजे तर तू खाऊन बघ.' तो बिचारा ओशाळला. 'मावशी, वरून ऑर्डर आहे.' डबे ठेवायला लॉकर भाड्यानं घ्या किंवा इथंच रिकामे करा, असे दोन पर्याय दिले. मे महिन्याच्या उन्हात बंद पत्र्याच्या लॉकरमध्ये ठेवलेली खिचडी दुपारी बाळाला चारायची? आईनं खिचडी तुमच्या निळ्या बादलीत ओतली. थर्मासमधलं पाणी गेटजवळच्या कुंडीत गेलं.

हा नियम कुणी केला हे मला खरंच जाणून घ्यायचंय. कारखान्यात भरलेली, कितीतरी महिने टिकणारी पावडर आत चालते आणि सकाळी शिजवलेली खिचडी चालत नाही, याला स्वच्छतेचं कारण असू शकत नाही. धंद्याचंही नाही, कारण तुमच्या फूड कोर्टमध्ये पावणेदोन वर्षांच्या बाळाला देण्यासारखं काहीच मिळत नव्हतं. पिझ्झा, फ्रेंच फ्राईज, मंच्युरियन, झणझणीत मिसळ. (मिसळीबद्दल कोल्हापूरकरानं बोलू नये, बोलत नाही.) साधा भात मागितला तर 'जीरा राईस मिळेल', त्यात मिरची. दहीभात नाही. नुसतं दूध नाही, कॉफीचं मशीन आहे.

३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांमधल्या खाण्याबद्दल निकाल दिला. तो बराचसा तुमच्यासारख्यांच्या बाजूचा आहे, हे मान्य. बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही, हे मालक ठरवू शकतो. पण पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत द्यायला हवं, हेही त्याच निकालात आहे आणि तान्ह्या किंवा लहान मुलासाठी पालकांनी आणलेल्या वाजवी खाण्याला थिएटरवाले हरकत घेत नाहीत, हेही तिथं नोंदवलंय. तो निकाल थिएटरचा आहे, पार्कचा नाही, असं तुमचे वकील म्हणतील. म्हणू देत. थिएटरात बाळ तीन तास असतं, तुमच्याकडं सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत.

त्या दिवशी मुलगी जेवली ती तुमच्या पार्कात झाडलोट करणाऱ्या एका मावशींमुळं. पोरगी रडताना बघून त्यांनी विचारलं, काय झालं, आणि स्टाफच्या कँटीनमधून स्टीलच्या वाटीत वरण-भात आणून दिला. पैसे घेतले नाहीत. त्यांचं नाव मला माहीत आहे. इथं मुद्दाम देत नाही, कारण चांगलं केल्याबद्दल त्यांना मेमो मिळावा अशी माझी इच्छा नाही. पण याचा अर्थ असा की साधा वरण-भात तुमच्याच आवारात, फूड कोर्टच्या मागच्या भिंतीपलीकडं, रोज शिजतो. तो फक्त विकायला ठेवलेला नाही.

बेबी केअर रूमचं थोडक्यात सांगतो. वेबसाइटवर तिचा फोटो आहे, आरामखुर्ची, पडदे, भिंतीवर हत्ती. जागेवर दाराला कुलूप. चावी सुपरवायझर मॅडमकडं आणि मॅडम जेवायला गेलेल्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं तेव्हा आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी, फिनाईलचे कॅन आणि पोछे. पत्नीनं शेवटी बंद पडलेल्या तिकीट खिडकीच्या आडोशाला, आईनं ओढणी धरून, मुलीला पाजलं. आमच्या एसटी स्टँडवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतात. तेही नेहमी चकाचक असतात असा माझा दावा नाही, पण एसटीचं तिकीट काढताना आम्हाला आरामखुर्चीचा फोटो कुणी दाखवत नाही.

आणि डायपर बदलायचा ओटा फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात का? आमच्याकडं निम्म्या वेळा डायपर मी बदलतो. त्या दिवशी पत्नी रांगेत असताना मला तो फूड कोर्टमागच्या सिमेंटच्या बाकावर बदलावा लागला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर. एखादा बाप एकटाच मुलाला घेऊन येऊ शकतो, हे तुमच्या आराखड्यात कुणाला सुचलेलं दिसत नाही. पुरुषांच्या बाजूला एक फळी ठोकायला काय खर्च येतो?

टॉडलर झोनमध्ये आगगाडीशिवाय वाळूचा हौद होता, त्यावर ताडपत्री. पत्र्याची घसरगुंडी उघड्यावर, सावली नाही. आईनं उलटा हात लावून बघितला आणि झटकन मागं घेतला. सगळ्यात मोठा स्पीकर नेमका याच कोपऱ्यावर टांगलेला. आमची मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. आवाज थोडा कमी कराल का, असं विचारलं तर 'तो कंट्रोल रूममधून असतो'.

एक मागणी तक्रारीपेक्षा सूचना म्हणून घ्या. बाळ बरोबर असलं की आईबाप मोठ्या राईडवर एकत्र जाऊ शकत नाहीत, एकाला बाळाजवळ थांबावं लागतं. मी पाऊण तास रांगेत उभा राहून एक राईड घेतली, मग पत्नीनं जायचं तर पुन्हा पहिल्यापासून तेवढीच रांग. तिनं नाद सोडला. डिस्नेच्या पार्कांमध्ये यासाठी 'रायडर स्विच' नावाची सोय आहे. एक जण राईड घेऊन आला की दुसरा पुन्हा रांग न लावता जातो. याला यंत्र लागत नाही, एक पास आणि दारावरच्या माणसाला दिलेली सूचना पुरते.

पाण्याबद्दल एवढंच की २० रुपये छापील किंमत असलेली बाटली आम्हाला ५० ला दिली, बिल जोडलं आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन पॅकबंद माल विकणं वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांविरुद्ध आहे. मोफत पाण्याचा कूलर होता. त्याला तोटी नव्हती.

माझं म्हणणं असं. मुलीच्या तिकिटाचे ८९९ रुपये आणि बाटल्यांवर घेतलेले जादा पैसे पूर्ण परत मिळावेत. घरी केलेलं बाळाचं अन्न आणि पाणी गेटवर अडवलं जाणार नाही, असा लेखी आदेश काढून त्याची प्रत मला पाठवावी आणि तोच मजकूर मराठीत तिकीट खिडकीवर लावावा. उंची अनवाणी मोजावी. बेबी केअर रूम वापरण्यासारखी होईपर्यंत तिचा फोटो वेबसाइटवरून उतरवावा. गेटवरच्या रक्षकावर किंवा आगगाडीवरच्या मुलावर खापर फोडून हे प्रकरण मिटवू नये. ते दोघं तुम्ही सांगितलेलंच करत होते.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगाकडं दाद मागता येते, त्यामुळं मला तुमच्या गावी खेटे घालावे लागणार नाहीत. तुम्हाला कोल्हापूरला यावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, दोन्ही मुद्दे मी मांडणार आहे. जिराफाजवळचा शेंडीसकट फोटो, मुलीचं लसीकरणाचं कार्ड, वेबसाइटच्या पानाची प्रत आणि कुलूपबंद दाराचा फोटो ई-मेलसोबत आहेतच.

ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात परतावा जमा करावा. कूपन पाठवू नये.

आपला,
एक ग्राहक आणि पालक