माघ शके 1820 आणि आत्याचा हरवलेला मेल

चि. चिनूस, अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर विचारलंस की कुळवृत्तांताच्या वहीत पणजोबांपुढे 1898 आहे आणि नाशिकचे काका तर 1899 म्हणतात, मग खरं काय. घोळ माझाच आहे रे, फोनवर सांगायची लाज वाटली म्हणून लिहितेय.

2009 मध्ये बडोद्याच्या आत्याने मला मेल केला होता. तिच्या देवघरातल्या जुन्या पोथीच्या शेवटच्या पानावर पणजोबांचा जन्म टिपलेला आहे, तो तिने वाचून टाइप केला. मी काय केलं, शके 1820 दिसलं, 78 मिळवले, 1898 लिहिलं आणि पुढे नुसतं 'आत्याचा मेल' असं लिहून मोकळी झाले. मेल ऑफिसच्या आयडीवर होता, रिटायर झाले तसा आयडी बंद, मेलही गेला. आता आत्या म्हणते महिना बहुतेक माघ होता. माघ असेल तर 78 नाही, 79 मिळवायचे, कारण शके बदलतं गुढीपाडव्याला आणि माघ येतो जानेवारी उजाडल्यावर. म्हणजे काका बरोबर! तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले असते तर हा वाद झालाच नसता.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या तू बघितल्यास ना, कोण आलं, कुठल्या गावचं, बरोबर कोण, खाली सही. इतक्या वर्षांनी वाचलं तरी कळतं कोण बोलतंय ते. मेलचंही तसंच करायचं. कुणी पाठवला, कुणाला, तारीख, सब्जेक्ट, आणि प्रत आपल्याकडे कुठे ठेवलीय, एवढं प्रत्येक नोंदीखाली यायलाच हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठवणाऱ्याला हे कसं माहीत, स्वतः पोथी बघितली की सासूबाईंकडून ऐकलं, कारण मेल हा काही जन्माचा पुरावा नाही, आत्याने काय सांगितलं याचा पुरावा आहे. पुरावा ती पोथी.

नुसता स्क्रीनशॉट काढू नकोस, वरचं अर्धं कापलं जातं. मेल डाउनलोड कर, ती ईएमएल फाइल ठेव, तिच्यात हेडर, म्हणजे कुणी, कुणाला, कधी पाठवला ते सगळं असतं, शिवाय एक पीडीएफ. न्यू जर्सीच्या दादाचे मेल तिकडच्या रात्री निघतात आणि आपल्याकडे दुसरा दिवस असतो, तेव्हा तारीख हेडरमधली घे, टाइमझोनसकट. फॉरवर्ड होऊन आलेला असेल तर तसं लिही, मूळ कुणाचा आणि तुला कुणी पाठवला, दोन्ही. माझे 2003-04 चे काही मेल तर जुन्या मराठी फॉन्टमधल्या वर्ड फाइलचे आहेत, उघडलं की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! ते युनिकोडमध्ये करून घे पण मूळ फाइल टाकून देऊ नकोस.

आणि छापायच्या आधी ज्याचा त्याला विचार. मेल आपल्याला आला तरी मजकूर लिहिणाऱ्याचाच असतो, कॉपीराइटही त्याचाच. कुणाचा ईमेल आयडी तर अजिबात छापू नकोस, हयात माणसांच्या जन्मतारखाही नकोत, मागे एका काकूंनी त्यावरून बोलणंच सोडलं होतं (तसं त्यांना निमित्तच हवं होतं म्हणा).

वहीत 1898 खोडू नकोस, शेजारी पेन्सिलने '1899?' कर आणि का ते लिही. आत्याला आज रात्री फोन कर, म्हणावं त्या पानाचा फोटो काढून मेलवर पाठव, व्हॉट्सॲपवर नको, तिथे तो बारीक होतो आणि मोडी अक्षर मग लागत नाही. तिला मोबाइलवरून मेल जमत नाही, नातवाला बसव म्हणावं.

तुझी,
आई